नव्याण्णवावर अडलेली नावाडीण

लेखिका गेली होती एक्स्टेन्शन बोर्ड मागायला, आणि व्हिडिओ गेमच्या चाचणीच्या खोलीच्या दारातच थबकली. आत एक अनोळखी माणूस स्क्रीनपुढे चक्क हात जोडून बसला होता.

"बाई, तिसावी खेप आहे ही," तो काकुळतीला येऊन म्हणत होता. "आता तरी नाव सांगा."

स्क्रीनवर पाऊस पडत होता. वल्हं धरून उभ्या असलेल्या नावाडिणीने ठरलेलं उत्तर दिलं. "अहो पाहुणे, माझ्याकडे एकच नाव आहे, ती पाण्यावर चालते. बसताय का?"

"हिच्या मनात काय आहे ते एक देवाला ठाऊक, नाहीतर लिहिणाऱ्याला," तो पुटपुटला.

"लिहिणाऱ्यालाही नक्की ठाऊक नाही," लेखिका दारातून म्हणाली.

"तुम्हाला हो काय माहीत?"

"लिहिणारी मीच आहे."

तो ताडकन उठला, पण हेडफोनची वायर खुर्चीच्या हाताला अडकली होती, त्यामुळे तितक्याच वेगाने परत खाली बसला. तिला हसू आवरेना. एक्स्टेन्शन बोर्ड न्यायचा राहूनच गेला.

तो होता नवा टेस्टर, खेळ बाजारात जाईपर्यंतच्या कराराने घेतलेला. चुका शोधायचा इतका नाद, की आठवड्याच्या आत सगळं ऑफिस त्याला खुसपटराव म्हणू लागलं. आणि हा खेळ म्हणजे… खेळणाऱ्याने वाटसरू होऊन गावोगाव हिंडायचं, माणसं जोडायची. जोडलेल्या प्रत्येक माणसाचा जिव्हाळा आकड्यात वाढत जायचा. नावाडिणीचा जिव्हाळा शंभर झाला, की ती पहिल्यांदाच 'अहो' सोडून म्हणणार होती, "ये, तुझीच वाट बघत होते." त्या एका वाक्यासाठी लेखिकेने तीन वर्षं जीव ओतला होता. तिला स्वतःला एकेरीवर येणं कधी जमलंच नव्हतं. "आमची ही मांजरालासुद्धा अहो-जाहो करते," असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

बाकी खेळाचं काही विचारू नका. सात शहरं कबूल केली होती, झाली तीन. राजाच्या दाढीवर चार महिने घालवले, आणि शेवटी राजा पाठमोराच बसवावा लागला. इतरांचं घोडं पेंड खातं. यांच्या खेळातलं घोडं छपरावर चढायचं आणि उतरायचं नाव घ्यायचं नाही.

पण खुसपटरावांच्या नोंदी यायला लागल्या आणि लेखिकेला ऑफिसला लवकर यावंसं वाटू लागलं.

'बग क्रमांक ११२. नावाडीण पावसात उभी आहे, पण केस कोरडे.'

'तिने तेल लावलं आहे,' लेखिकेने उत्तर लिहिलं.

'बग क्रमांक १८०. लेखिका आज जेवायला उठली नाही. गंभीर.'

'तपासलं. हा दोष नाही, स्वभाव आहे.'

दहा मिनिटांनी तो स्वतःच डबा घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला. "स्वभावाला औषध नाही म्हणतात," तो म्हणाला, "पण पोळी-भाजी आहे." तिने मान खाली घालून खाल्लं. तो समोर बसून खिडकीबाहेर बघत होता, आणि खिडकीबाहेर तर नुसती भिंत होती.

मग साठ जणांना बोलावून खेळ त्यांच्या हाती दिला. खेळ बनवणारा स्टुडिओ दोघा भावांचा. थोरले निर्णय घ्यायचे आणि धाकटे मान डोलवायचे. थोरल्यांनी सगळ्यांसमोर आकडे वाचले. साठांतल्या एकालाही नावाडीण 'ये' म्हणाली नव्हती. लोक दहा-पंधरा खेपा करायचे, कंटाळायचे आणि निघून जायचे.

"जे कुणी ऐकतच नाही ते ठेवायचं कशाला?" थोरले म्हणाले. "नावाडीण काढा आणि नदीवर पूल टाका."

धाकट्यांनी मान डोलावली. लेखिकेला भांडायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "बरं."

"एक दिवस द्या," मागच्या रांगेतून खुसपटराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एक कागद घेऊन तिच्याकडे आला. "नावाडिणीचा जिव्हाळा वाढण्याचे प्रसंग किती आहेत?"

"नऊ."

"प्रत्येकाचे गुण?"

"अकरा."

"अकरा नवे?"

"नव्याण्णव," ती पाढ्याच्या ठेक्यात म्हणाली… आणि तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

ती चूक तिची स्वतःची होती. अट शंभराची, आणि आख्ख्या खेळात गुणच नव्याण्णव. कुणी जन्मभर वल्हं मारलं असतं तरी ते वाक्य त्याच्या कानी पडणार नव्हतं.

"बाई, तुम्ही तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताच ठेवला नाहीत," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः नव्याण्णवावर बसलोय. दोन महिने."

तो खेळाबद्दलच बोलत होता का? तिने वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मग… एक गुण वाढवते," ती म्हणाली.

"एकाने काय होणार? चव्वेचाळीसलाच म्हणू द्या तिला. माणूस काठावरून निघून गेल्यावर 'ये' म्हणून काय उपयोग?"

लेखिकेने शंभर खोडून चव्वेचाळीस केले. किती सोपं होतं ते, आणि तीन वर्षं तिला किती भीती वाटली होती. थोरल्यांनी पुन्हा दहा जण बसवले, त्यांतल्या सात जणांना नावाडीण 'ये' म्हणाली, आणि पूल बारगळला.

खेळ बाजारात गेला आणि आपटला. लोकांनी छपरावरच्या घोड्याचे व्हिडिओ करून पोट धरून हसून घेतलं. विकत फारसं कुणी घेतलं नाही. थोरल्यांनी पुढचा खेळ बेमुदत लांबणीवर टाकला. करारावरच्या माणसांना शुक्रवारी निरोप होता.

शुक्रवारी संध्याकाळी लेखिका चाचणीच्या खोलीशी आली तेव्हा तो वायरी गुंडाळत होता. टेबलावर तिच्यासाठी एक कागद ठेवला होता. 'शेवटची नोंद. विकत घेणाऱ्यांतले थोडेच नदीपर्यंत पोचले. पण पोचलेल्या शंभरातल्या ऐंशींनी नावाडिणीचं ते वाक्य ऐकलं. बरेच जण ते ऐकायला परत आले.'

तिचे डोळे भरून आले. काहीतरी म्हणावं… आभार? शुभेच्छा? सगळे शब्द अहो-जाहोचे.

"येतो मी," तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "जेवत जा वेळेवर."

तो तिच्या बाजूने दाराबाहेर पडला. जिन्याची पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला.

"थांब."

तो थांबला. वळला नाही. "काय म्हणालात?"

"थांब म्हणाले. मी तुला म्हणाले." ती बोलत राहिली. "मला तू आवडतोस. हे नोंदीत लिहून देता आलं नसतं, म्हणून… जाऊ नकोस. म्हणजे नोकरीवरून जा, पण असा जाऊ नकोस."

तो वळला. दोन पायऱ्या खाली होता, त्यामुळे दोघांचे डोळे अगदी समोरासमोर आले.

"बग क्रमांक ४०१," तो म्हणाला. "लेखिका अचानक एकेरीवर आली."

"दोष आहे?"

"छे. फक्त… जिव्हाळा किती झाल्यावर आली, तेवढं लिहून घ्यायचं होतं."

"मोजला नाही," तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "मोजायला गेले तर पुन्हा एकाने चुकेन. चल, मला भूक लागली आहे."

"जेवली नाहीस?" तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन स्वतःच लाजला.