पाकट बसला की ओढू नये

नेस्टाने डब्यात बेकनचे सँडविच भरले, थर्मासमध्ये चहा ओतला आणि घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे अकरा. हेडन वेळेचा पक्का होता. अकरा म्हणजे अकराला त्याची निळी व्हॅन दारात उभी राहिली. वेळेच्या बाबतीत त्याच्यात खोट काढायला कधी जागाच नव्हती. बाकीच्या बाबतींत ती तीन वर्षं खोट शोधत होती.

गावाला याचा पत्ता नव्हता. गावाच्या लेखी हेडन प्रॉसर म्हणजे देवमाणूस. नेस्टाचा नवरा गेथिन समुद्रात बुडून गेला तेव्हापासून या त्याच्या जिवलग दोस्ताने नेस्टाच्या घराची पन्हळ दुरुस्त केली, कोळसा वाहिला, दर रविवारी तिला चॅपलला नेलं-आणलं. गेल्या रविवारी चॅपलच्या पायऱ्यांवर टोपी हातात धरून त्याने तिला लग्नाचं विचारलं. तो तिला आवडत नव्हता असं नाही. आवडत होता, आणि तीच तर पंचाईत होती.

"एकदा मला टेबलावर ने," ती म्हणाली होती. "उत्तर तिथे देईन."

टेबल म्हणजे कड्याखालचा सपाट खडक. ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं, पाकट हा चपटा, रुंद पंखांचा मासा तिथे हमखास लागतो, आणि भरती लागली की दोन तासांत परतीच्या वाटेवरची घळ पाण्याने भरते. त्याआधी परतायचं, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक. गेथिन परतला नाही. त्याचा गळ खडकात अडकला, तो सोडवत हटून बसला, मी हाका मारमारून शेवटी एकटा निघालो, असं हेडनने चौकशीत सांगितलं. सगळ्यांना पटलं. नेस्टालाही पटलं असतं, पण टेबलासमोर तळाला नुसती वाळू आहे. गळ अडकायला तिथे काही नाहीच. शिवाय अकरा दिवसांनी गेथिन पलीकडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्या उजव्या पंजाभोवती नायलॉनच्या दोऱ्याचे तीन वेढे होते. मासे धरणाऱ्याच्या अंगावर दोरा असायचाच, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

"धुकं आहे गं," व्हॅन चालवता चालवता हेडन म्हणाला. "पुढल्या आठवड्यात जाऊ या का?"

"पुढल्या आठवड्यात उधाण नाही. ओहोटी टेबलापर्यंत उतरणार नाही."

"अगदी गेथिनसारखी बोलतेस."

"चौदा वर्षं त्याचे गळ मीच बांधत होते. बोलणारच."

तो हसला, पण जरा उशिरा हसला. नेस्टाने ते मनात नोंदवून ठेवलं.

कडा उतरेपर्यंत धुकं एवढं दाटलं की टेबल पायाखाली आलं तेव्हाच समजलं. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता. लांबवर एक जहाज भोंगा वाजवत होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, खडकाच्या कडेशी चघळल्यासारखं. दोघांनी बांगड्याच्या फाका गळाला लावून दोरे फेकले आणि रॉड तिकाटण्यावर टेकवून ठेवले. हेडनने चहा घेतला. सँडविचला मात्र हात लावला नाही. नोव्हेंबरच्या दुपारचा उजेड त्या धुक्यात पिठासारखा पांढरा झाला होता.

तासाभराने नेस्टाच्या रॉडचं टोक दोनदा हललं. मग दोरा सैल पडला.

पाकटाची तऱ्हाच वेगळी. तो आमिष एकदम गिळत नाही. पंख पसरून त्यावर गोधडीसारखा पडून राहतो. म्हणून घाई करायची नाही, त्याला बसू द्यायचं. आणि एकदा तळाला चिकटून बसला की ओढायचं तर मुळीच नाही. दोन माणसं लागली तरी हलत नाही, वाटतं दगडातच अडकलाय. अशा वेळी दोरा ताणून धरायचा आणि नखाने छेडायचा. ती झिणझिण खाली पोचली की पाकट वैतागून उठतो.

नेस्टाने थोडा वेळ जाऊ दिला, मग दोरा गुंडाळून ताणला. पलीकडे वजन होतं. मेलेलं, जड, न हलणारं.

"अडकला," हेडन पटकन म्हणाला. त्याच्या हातात सुरी कधी आली ते तिला दिसलंच नाही. "काप."

"वाळूत कशाला अडकेल? पाकट बसलाय."

"भरती लागली, नेस्टा. काप म्हणतो ना..."

"अजून तासभर आहे."

तिने नखाने दोरा छेडला. टण्ण. आवाज दोऱ्यावरून उतरत धुक्यात गेला. ती थांबली. मग खालून, तिचं बोट दोऱ्याला लागलेलं नसताना, दोरा वाजला. एकदा. जरा थांबून, पुन्हा एकदा.

हेडन मटकन खडकावर बसला. नेस्टा दोऱ्याकडे न पाहता त्याच्याच चेहऱ्याकडे पाहत राहिली. याच चेहऱ्यासाठी तर ती इथवर आली होती.

"त्या दिवशी रॉड कुणाच्या हातात होता?" तिने हळू विचारलं.

हेडनने सुरी खडकावर ठेवली.

"माझ्या," तो म्हणाला. "पाकट कडेला आलेला. गेथिन म्हणाला, तू रॉड धर, मी खालच्या पायरीवर उतरून उचलतो. तो उतरला... असंच धुकं होतं. मग एकदम वजन बसलं. मला वाटलं, पाकट सुटून पुन्हा तळाला गेला, बसला. हाक मारली. ओ नाही. मला वाटलं, रागावून पुढे निघून गेला. सकाळपासून आमचं वाजलं होतं."

"मग?"

"मग काय... वाट पाहिली. पाकट बसल्यावर आपण पाहतो तशी. वीस मिनिटं... मग दोरा छेडला."

"आणि खालून उत्तर आलं."

"आलं," हेडन म्हणाला. "घळीत पाणी शिरत होतं, नेस्टा. मला... मी कापला."

ती काही बोलणार, एवढ्यात रॉडचं टोक उचललं गेलं. वजन सुटलं. खाली काहीतरी रुंद, जड पंख मारत वर येऊ लागलं. नेस्टाचे हात सवयीने गुंडाळत राहिले, मन मात्र नको, नको म्हणत होतं.

वर आला तो पाकटच. दोन हात रुंद मादी, पाठीवर काटे, तपकिरी अंगावर ठिपके. डोळ्यांमागची भोकं उघडत-मिटत होती. उताणी केली तेव्हा पांढऱ्या पोटावरचं ते तोंड, रुसलेल्या म्हाताऱ्याचं असावं तसं, हळूहळू हललं. नेस्टाने गळ सोडवला आणि तिला अलगद पाण्यात सरकवलं.

हेडन हसत होता आणि रडतही होता. "पाकटच होता. पाहिलंस? पंख आपटला की दोरा वाजतो. तेव्हाही पाकटच असणार. मी उगाच तीन वर्षं..."

नेस्टाला ते खरं मानायचं होतं. मनापासून मानायचं होतं. रिकाम्या घराचा, एका कपाच्या चहाचा तिला कंटाळा आला होता. आणि हा माणूस वाईट आहे असं तिला आत्ताही वाटत नव्हतं.

"पाकट पंजाला दोऱ्याचे तीन वेढे घेत नाही, हेडन," ती म्हणाली. "तुमचं वाजलं कशावरून?"

त्याने घड्याळात पाहिलं. "घळ भरत आली. चल."

घळ अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी, आणि एका बाजूला खोल समुद्राकडे उघडी. हेडनने जड पिशवी खांद्यावर टाकली आणि पुढे झाला. नेस्टाने दोन्ही रॉड एका हातात घेतले, बादली दुसऱ्या हातात. पाणी गुडघ्यावर आलं होतं, बर्फासारखं. तोल सावरत ती मागे पडत गेली. पुढे त्याची पाठ तेवढी अंधुक दिसत होती.

चालता चालता त्याने, मागे न पाहता, हात मागे केला. "धर. तळाला निसरडं आहे."

चार पावलं तो चालला. मग त्याचा आवाज आला, एकदम मोकळा झालेला.

"हात किती गार पडलाय गं तुझा. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तू बोलायचीसुद्धा नाहीस माझ्याशी. हात धरलास, आता मी होकारच समजतो. समजू ना?"

नेस्टा जागच्या जागी थांबली. एका हातात रॉड, एका हातात बादली. तिच्या आणि त्याच्या मध्ये चांगलं दहा पावलांचं पाणी होतं. त्याचा हात मागे ताणलेला होता, मूठ मिटलेली होती, आणि तो वाट सोडून हळूहळू उघड्या बाजूला, खोल पाण्याकडे वळत होता. ते त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं.

एक हाक पुरली असती. हाक घशापर्यंत आलीही.

"समजू ना, नेस्टा?" पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं.

ती बोलली नाही.

"अगं, कळलं," हेडन हसत म्हणाला. "एवढा घट्ट नको धरूस."