पानकिड्यांची भानगड

चष्म्याची दांडी मोडली म्हणून ती त्या दुकानात शिरली, एवढंच. समोरच्या दुकानाला टाळं नसतं तर ती तिकडे गेली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत गारवा होता, काचा पुसायच्या पाण्याचा मंद वास होता. चष्म्यावाचून तिला सगळं धुकट दिसत होतं, पण काउंटरवरच्या बरणीतली पेरूची फांदी मात्र दिसली. एका पानाची कड तपकिरी पडलेली. तिच्या हातांना सवयच होती, रोगट पान दिसलं की खुडायचं. तिनं बोटं पुढे केली...

"थांबा, थांबा! ते पान नाहीये हो!"

तोवर पानानं पाय उचलला. वाऱ्यावर डुलल्यासारखं डुलत डुलत ते तिच्या बोटावर चढलं आणि तिथेच विसावलं. तिनं श्वास रोखून धरला. समोर उभ्या असलेल्या चष्मेवाल्यानंही.

"घाबरलात?" त्यानं हळूच विचारलं.

"घाबरायला कळायला तर हवं, काय आहे ते!"

तो हसला. "पानकिडा. म्हणजे किडीण म्हणा. वर घरी ढेकणांसाठी औषध फवारताहेत, म्हणून सगळा कबिला आज दुकानात आणलाय." त्यानं तिच्या बोटाखाली आपलं बोट धरलं. पानकिडीला मात्र हलायची घाई नव्हती. "आमच्याकडे सगळ्या बायकाच आहेत. नराशिवाय अंडी घालतात. काही अडत नाही त्यांचं."

"आणि तुमचं?" तिच्या तोंडून निसटलं. लगेच वाटलं, जीभ चावावी.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पानकिडी फांदीवर परत ठेवून, "नंबरही बघून घेऊ," म्हणत त्यानं तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांपुढे काचा बदलू लागला. "हे स्पष्ट... की हे?"

"दोन्ही सारखंच धूसर."

"असं होत नसतं."

"माझं होतंय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

निघताना त्यानं विचारलं, "आपण काय करता?" ती म्हणाली, "नोकरी. सरकारी." खोटं नव्हतं ते. पण अर्धंच सांगितलं होतं. ती वनस्पती तपासणी कार्यालयात निरीक्षक होती. परदेशातून येणारी रोपं, बिया आणि त्यांच्यासोबत लपून येणारे किडे शोधायचे, जप्त करायचे आणि मागच्या अंगणातल्या भट्टीत जाळायचे, हे तिचं काम. आणि ते पानकिडे काही आपल्याकडचे नव्हते, हे तिला दुरुस्त चष्मा डोळ्यांवर चढताच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या साहेबांपुढे विषय काढला. "साहेब, समजा एखाद्यानं परदेशी किडे पाळले..."

"पाळले? किडे? कुत्र्या-मांजरांचा दुष्काळ पडलाय का?"

"समजा हो. गुन्हा होईल का?"

"सीमा ओलांडून आणले असतील तर होईल. जप्त करायचे."

"आणि इथेच अंड्यातून निघाले असतील तर?"

साहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "आई कुठली?"

"परदेशी."

"मग तेही परदेशीच." त्यांनी कप खाली ठेवला. "की नाही?"

तिनं वन खात्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "साप, कासव असेल तर बोला." पशुवैद्यकीय खात्यानं विचारलं, "पाठीचा कणा आहे का? नाही? मग आमच्याकडे नाही येत." शेती खातं म्हणालं, पिकावर पडले की कळवा. म्हणजे मनाई कुणाचीच नाही, आणि परवानगी द्यायलाही कुणी तयार नाही. सोडून द्यावेत तर बागांचा फडशा पाडायचे. ठेवावेत तर कुणाच्या जिवावर?

या घोळात एक गोष्ट मात्र नेमानं घडत होती, तिचा चष्मा बिघडत होता. कधी स्क्रू ढिला, कधी नाकावर रुततो. चष्मेवाला मुकाट्यानं दुरुस्त करायचा आणि मग तिला दुकानावरच्या त्याच्या खोलीत न्यायचा, जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यापाशी. तो वास्तविक अबोल माणूस. पण पानकिड्यांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. परदेशी निघून गेलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्याला डबीभर अंडी दिली होती. ती बियांसारखी दिसतात, त्यानं ती महिनोन्‌महिने ओल्या वाळूत जपली होती.

त्या दुपारी एक पानकिडी कात टाकत होती. जुन्या कातडीतून ओलसर, कोवळा हिरवा देह हळूहळू बाहेर येत होता. दोघं जाळीला नाक लावून बसले होते. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला... आणि लागलेलाच राहिला.

"एक विचारू?" तो कुजबुजला. "तुमचा चष्मा इतका कसा बिघडतो?"

तिनं चष्मा नाकावर वर सरकवला.

"मला वाटतं, तुम्ही यांना बघायला येता."

नाही म्हणावं, तुझ्यासाठी येते म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण भट्टी डोळ्यांपुढे आली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी वनस्पती तपासणीत निरीक्षक आहे. परदेशी किडे जप्त करणं हेच माझं काम आहे."

त्यानं खांदा बाजूला घेतला. "म्हणजे इतके दिवस... तपासणी चालली होती?"

"नाही! म्हणजे... तशी नाही. माझं मलाच कळत नाहीये हो."

"हे बेकायदेशीर आहे का?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही, तर मी विचारायचं कुणाला?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. त्यानं पिंजऱ्यावर कापड ओढलं.

त्यानंतर ती त्या रस्त्यानं समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागली, मान खाली घालून. वर कळवावं तर किडे जळणार, न कळवावं तर ती कसली निरीक्षक? घरी ताटातलं थंड व्हायचं.

"कोण आहे?" आईनं एकदा सरळच विचारलं.

"कुणी नाही गं. एक केस आहे."

"बरं. केसबद्दल बोलताना एवढं लाजत नाहीत, बबडे."

आणि मग एका सकाळी तो स्वतःच कार्यालयात आला. हातात पिंजरा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिच्याकडे न बघता सरळ मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"माझ्याकडे हे परदेशी किडे आहेत. लपवून ठेवायचे नाहीत मला. न्यायचे असतील तर न्या, पण कुठल्या कायद्यानं नेता तेवढं सांगा."

साहेबांनी जाड पुस्तक काढलं. मग दुसरं काढलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळं कार्यालय पिंजऱ्याभोवती जमलं. कुणी म्हणालं जाळा, कुणी म्हणालं कशाला जाळता, गरीब बिचारे दिसतात.

"असं करू," साहेब शेवटी म्हणाले, "मी वर विचारतो. तोवर हे तुमच्याच ताब्यात. दुहेरी जाळी लावायची, एकही अंडं खोलीबाहेर जाता कामा नये. आणि अधूनमधून तपासणीला या मॅडम येतील. किड्यांतलं यांनाच जास्त कळतं."

तिचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिला कळलं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. उद्या खरंच जप्तीचा हुकूम आला तर आपण त्या पिंजऱ्याला हात लावू शकणार नाही.

"साहेब, हे काम मला नको."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला.

"का?"

"माझा हितसंबंध आहे यात."

"कसला? तूही पाळलेत की काय?"

"किड्यांत नाही, साहेब."

शेजारची टाइपिंगची खडखड थांबली. पंखा तेवढा फिरत होता.

"मग कशात?"

तिनं मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता, काचांशिवाय सगळं स्पष्ट दिसावं तसा.

"यांच्यात," ती म्हणाली.

साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं. मग... मग काळे भाऊसाहेब जातील तपासणीला." आणि उगीचच पुस्तक चाळू लागले.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. पिंजरा छातीशी कवटाळलेला.

"तुम्ही हे सगळ्यांसमोर..."

"खरं सांगायची नोकरी आहे माझी. जरा उशीर झाला, एवढंच." तिनं पिंजऱ्यावर हात ठेवला. "पण तुम्ही कशाला आलात इथे? नेले असते तर?"

"रडलो असतो. पण मग तू समोरच्या फुटपाथवरून गेली नसतीस."

तो 'तू' म्हणाला होता. त्याला कळलंही नव्हतं बहुतेक. तिला कळलं.

"वरून काय उत्तर येईल गं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. येईलच असंही नाही."

"आणि तोवर आपण?"

"तेही माहीत नाही रे. याला कुठलं खातं आहे का?"

तो हसला, मग पुन्हा गोंधळला. "उद्या येशील दुकानात?"

"आज का नाही?"

"आज दुकान बंद ठेवलंय."

"मग तर बरंच झालं," ती म्हणाली, आणि त्याच्या आधी जिना उतरू लागली.