मागच्या ब्रेकवर

आबांनी जाण्याआधी वाटणी केली ती अशी: पिकअप थोरल्याला आणि ट्रॉली बारक्याला. लोक हसले. एकाला इंजिन दिलं आणि दुसऱ्याला चाकं, आता भांडून जातील कुठे, म्हणाले. आणि भांडले नाहीत ते, हेही खरं. वर्षभर दोघे भाऊ मिळून डोंगरापलीकडे माल नेत होते. थोरला स्टेअरिंगवर, बारक्या मागे ट्रॉलीच्या ब्रेकवर.

हा ब्रेक आबांनी स्वतःच्या डोक्याने बसवलेला होता. पिकअप छोटी आणि ट्रॉली भरली की तिच्या दुप्पट जड. चढावर इंजिन रडतखडत का होईना ओढून नेतं. खरी कसोटी उतारावर. उतारावर मागचा माल पुढच्या गाडीला ढकलायला लागतो, आणि एकट्या पिकअपचे ब्रेक तापून हात टेकतात. म्हणून ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात आबांनी एक लोखंडी बैठक जोडली होती आणि तिच्यापुढे हाताने फिरवायचं चाक. ते चाक आवळलं की ट्रॉली मागे ओढून धरल्यासारखी व्हायची. बैठकीपासून एक दोरी मालाच्या कडेकडेने पिकअपच्या मागच्या खिडकीतून आत यायची. तिच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, सायकलची घंटी. एकदा वाजली तर सगळं ठीक. दोनदा वाजली तर हळू. वाजतच राहिली तर थांब.

जाण्याआधी काही वर्षं, गुडघे गेले तेव्हा, आबांनी स्टेअरिंग मुलांच्या हाती दिलं. बारक्या गाडी नेणार असला की ते काठी टेकत अंगणात यायचे आणि आई गं, आई गं करत मागच्या बैठकीवर चढून बसायचे. थोरला नेणार असला की घरी राहायचे. थोरल्याच्या मागे रोजावरचा कोणीतरी गडी बसे. हे एकदा झालं नाही, दरवेळी झालं. थोरल्याने कधी विचारलं नाही. विचारायचं तरी काय? बाप ज्याच्या भरवशावर आपला जीव टाकतो तो मुलगा कोण, हे गावाला दिसत होतं.

त्यात बारक्याची जीभ सैल. "दादा, तुला गंमत माहीत आहे का? मी वळण घेतलं ना, की आबा दोरीला नुसतं बोट लावायचे. टिंग. जेमतेम ऐकू येईल इतकंच. शाब्बासकी रे!" हे तो दहाजणांत सांगायचा आणि दहाजण हसायचे. थोरलाही हसायचा. मग रात्री कूस बदलत पडायचा. त्याच्या डोक्यावर ती टिंग कधी वाजली नव्हती.

त्या सकाळी ट्रॉलीवर बेकरीची भट्टी होती. आतून विटांनी बांधलेली, कपाटाएवढी उंच, दार तारेने आवळलेलं. आदल्या दिवशी ती चढवताना फळी सरकली आणि बारक्याच्या पायावर आली. आता तो ओट्यावर खुर्ची टाकून, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता, आणि थोरला गाडीला ट्रॉली जोडत होता.

"दादा, सोमवारपर्यंत थांब ना. बेकरीवाला स्वतः म्हणाला, घाई नाही."

"सोमवारी बरा होतो असं पायाने सांगितलंय का तुला?"

"मग रोजावर कोणाला तरी घे."

"कोणी नको."

थोरल्याची बायको पाण्याचा कॅन घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊजी म्हणतात ते खोटं आहे का? मागे माणूस नसताना आजवर उतरलाय का कोणी?"

"आज उतरेल."

"वहिनी, जाऊ द्या त्याला," बारक्या म्हणाला. "जास्त बोललो तर मलाच खुर्चीसकट उचलून मागे बांधेल. पायावर पट्टी आणि कपाळावर लाल दिवा."

बायको खळखळून हसली. थोरल्याने साखळीची कडी जरा जास्तच जोरात आपटली. ही बाई आपल्या बोलण्यावर अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना.

मग बारक्याचा आवाज बदलला. "खरंच नको जाऊस, दादा. आबा असते तर त्यांनी जाऊ दिलं नसतं."

"आबा असते तर घरी बसले असते," थोरला म्हणाला. "मी नेतोय ना."

तो निघाला.

चढाने नेहमीसारखा अंत पाहिला. पहिल्या गिअरमध्ये पिकअपचं नाक वर उचलल्यासारखं वाटायचं आणि मागून भट्टी दारापाशी अडलेल्या म्हशीसारखी पाय रोवायची. तापमानाचा काटा लालकडे सरकला की थांबायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा, रेडिएटरवर फडकं टाकायचं, वाट पाहायची. थोरल्याला हे सगळं झोपेत करता आलं असतं. ऊन स्वच्छ होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

खिंडीत पोचल्यावर त्याने गाडी पुरती गार होऊ दिली. मागे जाऊन भट्टीचे दोर तपासले. ब्रेकचं चाक तपासलं. ते पूर्ण सैल होतं. आवळून ठेवायचा मोह झाला, पण सतत आवळलेला ब्रेक शेवटच्या उताराआधीच जळून गेला असता. त्याने ते तसंच सैल सोडलं. पहिला गिअर, जागोजागी थांबा, आणि घाई नाही. एवढं साधं तर आहे. संध्याकाळी बारक्यासमोर चहा पिताना काय बोलायचं तेही त्याने ठरवून टाकलं. काहीच बोलायचं नाही. नुसता चहा प्यायचा.

तो गाडीत बसला, चावी फिरवली, आणि मागे कोणीतरी चढलं.

निदान तसं वाटलं. एवढ्या भट्टीपुढे एका माणसाचं वजन ते काय, पुढे बसलेल्याला कळायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं तीच गाडी हाकणाऱ्याला काही गोष्टी पाठीला कळतात. त्याने आरशात पाहिलं. आरशात भट्टी होती. तिच्यामागचा ट्रॉलीचा कोपरा सरळ रस्त्यावर दिसतच नसे.

दोर बसले असतील जागेवर, असं म्हणून त्याने गाडी सोडली.

पहिल्या उतारावर घंटी दोनदा वाजली.

दोरी वाऱ्याने हलते, हे त्याला ठाऊक होतं. तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी मागून ट्रॉली धरली गेली. हिसका नाही, कुरकुर नाही. भरल्या ताटाला कोणी खालून हात द्यावा तशी. वळण संपलं आणि पकड सुटली.

जरा पुढे रस्ता रुंद होता. तिथे त्याने गाडी थांबवली, दगड लावला आणि मागे गेला. बैठकीवर कोणी नव्हतं. पण खिंडीत सैल सोडलेलं चाक आता अर्धा फेरा आवळलेलं होतं, या उताराला हवं तेवढंच. धक्क्यांनी फिरलं असेल, तो मोठ्याने म्हणाला. मग त्याने बैठकीवर तळहात ठेवला. ती भट्टीच्या सावलीत होती, पण सावलीतलं लोखंड लागतं तशी गार नव्हती. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊबदार होती.

तो तिथे बराच वेळ हात ठेवून उभा राहिला. पळून जावं असं त्याला वाटलं नाही. पुढे बेकरीवाल्याने, पोलिसांनी, बायकोने काहीही म्हटलं तरी हे त्याचं त्याला नक्की ठाऊक होतं: पळावंसं वाटलं नाही. उलट तो घाईघाईने पुढे जाऊन बसला. ती बैठक पुन्हा गार होण्याआधी.

पुढचं वळण त्याने जन्मात घेतलं नसेल असं घेतलं. बाहेरून शिरला, आतून निघाला, ट्रॉलीचं चाक कडेच्या दगडाला घासलंही नाही.

डोक्यावर घंटी वाजली. टिंग. जेमतेम ऐकू येईल इतकीच.

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर हवे होते. वळणामागून वळण येत होतं. दरवेळी मागून पकड, दरवेळी ती टिंग. बारक्या, ऐक, तो मनात म्हणत होता. ऐक रे, तुझ्या दहाजणांना सांग आता. वळणावर ट्रॉली आडवी फिरते तेव्हा तिचा मागचा कोपरा आरशात क्षणभर दिसतो. तो आरशाकडे पाहत नव्हता. पाहिलं आणि तिथे कोणी नसलं तर?

"बारक्या," मागून हाक आली.

ओरडून नाही. जेवताना मीठ मागावं तशी, मागच्या खिडकीतून, अगदी कानापाशी.

मेल्यावरसुद्धा. मेल्यावरसुद्धा बारक्याच.

"बारक्या, घाई करतोयस. हळू घे."

त्याने हळू घेतलं.

"थोरला कुठे आहे?"

समोर शेवटचा उतार दिसत होता. घाटातला सगळ्यात वाईट. एकाखाली एक वळणं आणि डाव्या हाताला नुसतं आभाळ. दोघा भावांचे आवाज सारखे. दाराआडून शेजारीही फसायचे.

"घरी आहे," थोरला म्हणाला.

"हां." चाक आणखी आवळलं गेलं. ट्रॉली आज्ञाधारकपणे मंदावली.

गप्प बसायला हवं होतं. खाली पोचेपर्यंत तरी. पण इतक्या वर्षांचं साठलेलं ओठांवर आलं, आणि आलं ते बारक्याच्या बोलीत. आबांना त्याने आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"आबा, तू दादाच्या मागे का नाही रे बसायचास कधी?"

"त्याच्या मागे बसून काय करू?" आबा म्हणाले. "घोर सगळा तुझा. तू गाडी काढलीस की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून यायचो गुडघे धरत. तो निघाला की मी जेवून झोपायचो."

"आणि ती घंटी?"

"तू घाबरू नयेस म्हणून. आहे मी मागे, एवढंच." मग म्हणाले, "थोरल्याच्या मागे कोणीही बसलं तरी चालतं. न बसलं तरी तो उतरवील."

शेवटचा उतार सुरू झाला होता.

हे शब्द थोरल्याचे होते. त्याच्या हक्काचे. आणि तेसुद्धा बारक्याला सांगितले गेले होते, विश्वासाने, दादाच्या पाठीमागे. हेही बारक्याच्याच नावावर जमा होणार. थोरल्याला ते सहन झालं नाही.

"आबा," तो म्हणाला, "मी थोरला आहे."

मागची पकड तशीच राहिली.

"ऐकताय ना? मी आहे. बारक्या घरी आहे, त्याचा पाय दुखावलाय. एवढा वेळ मीच उतरवतोय. तुमचा थोरला."

"हात्तिच्या!" आबा हसले. किती मोकळं हसले. हे हसू त्याने नेहमी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, बारक्याच्या खोलीतून आलेलं. "तू आहेस होय? मग मघाशीच सांगायचं नाही का? मग माझं इथे काय काम?"

"आबा, नाही. थांबा. बसा तुम्ही."

चाक उलटं फिरल्याचा आवाज आला. सावकाश, नीट, पूर्ण सैल होईपर्यंत.

मग मागचं वजन उतरलं. पाठीला कळलं.

भट्टीने पिकअपला हलकेच ढकललं.

त्याने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, आणि आणखी खाली गेलं. वळण आलं. ट्रॉली मागून आडवी फिरली आणि तिचा मागचा कोपरा आरशात आला, आणि या वेळी त्याने पाहिलं.

बैठक रिकामी होती. तिच्या मागे, स्वच्छ उन्हात, आबा रस्त्याच्या मधोमध घाट चढून परत चालले होते. हातात काठी नव्हती. दोन्ही हात पाठीशी बांधलेले, पावलं सावकाश, जेवणाची वेळ झालेल्या माणसासारखी.

त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.