तीन नंबरच्या मशीनवरची नवरी

सोलमधल्या त्या जाहिरात कंपनीत यूनसुल आणि किहून यांची गाठ पडली ती एका खुर्चीवरून. चाचणीच्या संगणकांपैकी तीन नंबरच्या मशीनपुढची खुर्ची दोघांनी एकाच वेळी ओढली.

"बसा तुम्ही," तो म्हणाला.

"नको. मी बसले की उठत नाही."

"मग तुम्हीच बसा. तेवढीच झोप."

त्या फेब्रुवारीपासून मशीन सकाळी तिचं आणि दुपारी त्याचं झालं. गट वेगळे, काम एकच. ग्राहकाची साइट उघडायची. ती ब्राउझरमध्ये कुकी नावाची खुणेची चिठ्ठी ठेवून देते. मग बातम्या, हवामान असं काहीबाही उघडायचं आणि त्या चिठ्ठीच्या आधारे ग्राहकाची जाहिरात मागोमाग येते का, ते टिपायचं. तीन वर्षं यूनसुल हेच करत होती. संख्याशास्त्र शिकताना तिला वाटायचं, आकड्यांतून माणसं कळतील. आता संध्याकाळी भुयारी रेल्वेत भिंतीवरच्या जाहिरातीतले बूटसुद्धा तिला दमलेले दिसायचे.

खुर्चीची अदलाबदल तेवढी बरी वाटायची.

"आज कोण लागलंय मागे?" किहून जवाच्या चहाचा पेला पुढे करत विचारायचा.

"गाद्या. तुमच्या?"

"केसगळतीचं तेल."

"ते कामाचं की... घरगुती?"

तो उगाच केसांवरून हात फिरवायचा, आणि तिची दुपार जरा हलकी जायची.

एप्रिलमध्ये हे अचानक थांबलं. चहा बंद झाला. तो दाराशी उभा राहून ती उठायची वाट बघायचा. 'धन्यवाद, यूनसुल-शी' एवढंच, आपल्या 'जी'सारखं 'शी' लावून म्हणायचा. काय बिनसलं हे विचारायचं ती रोज ठरवायची आणि रोज दमून घरी जायची. मग गुरुवारी कानावर आलं, किहून दूर दक्षिणेला बुसानच्या शाखेत चाललाय, सोमवारपासून. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले, तरी ती खुर्चीतून उठली नाही.

"उठताय ना?"

"आधी सांगा, माझं काय चुकलं?"

"तुमचं कशाला चुकेल..." खिडकीबाहेर दर वसंतात वाळवंटातून येणारी पिवळी धूळ दाटली होती, तो तिकडे बघत म्हणाला, "जेवायला तरी बोलवायचं होतंत. बाकीच्यांना बोलावलंच असेल."

"कसलं जेवण?"

"पत्रिका देताना घालतात ते."

लग्न ठरलेला माणूस सोबत्यांना जेवू घालून तिथेच पत्रिका देतो. ज्याला बोलावणं नसतं, तो काय ते समजतो. पण यूनसुलला काही समजेना.

"कुणाची पत्रिका?"

"रोज दुपारी याच मशीनवर बसतोय मी. बातम्या उघडल्या की लग्नाचे हॉल. हवामान उघडलं की नवरीचे पोशाख. काल तर जेजू बेटावरचा मधुचंद्र. मला दिसत नाही का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली... पण हसायचीही ताकद तिच्यात थोडीच होती.

"एप्रिलपासून तो हॉल माझा ग्राहक आहे, किहून-शी. दिवसातून चाळीस वेळा 'तारीख निवडा' दाबते मी. मशीनला वाटतं, नवरी फार उतावीळ आहे."

"पण उठताना कुकी पुसायचा नियम आहे."

"आहे. पाच मिनिटं लागतात. माझ्यात तेवढंही उरत नव्हतं."

तो शेजारच्या टेबलावर टेकला. "प्रत्येक अहवालाखाली मी लिहितो — कुकी ब्राउझर ओळखते, माणूस नाही."

"मीही लिहिते. कुणी वाचत नाही."

"लिहिणाराही वाचत नाही."



"बुसान?" तिने विचारलं.

"काल सही केली. दोन वर्षं."

"फिरवता येईल?"

"नाही."

"का केलीत?"

"रोज दुपारी तुमच्या लग्नाच्या तयारीत बसवत नव्हतं. म्हणजे..."

"सरळ सांगा. ताडत बसायचा कंटाळा आलाय मला. पगारच त्याचा घेते."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

हेच ऐकायला ती किती दुपारी थांबली होती — आणि ते आलं एक दिवस उशिरा.

"विचारायचं होतंत मला."

"तेवढं धैर्य असतं, तर जाहिराती कशाला वाचत बसलो असतो?"

यावर तिला रागावता येईना. "अडीच तास लागतात ट्रेनने," ती म्हणाली. "एका शनिवारी तुम्ही या, एका शनिवारी मी."

"म्हणजे... तुम्हालाही?"

"आता हेही ताडा."

"तुम्ही दमाल, यूनसुल-शी."

"दमलेलीच आहे मी. तिकडे येऊन दमेन. बोलायला काही उरलं नसेल त्या दिवशी नुसते शेजारी बसा."

तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि त्याच्या बाहीला कपाळ टेकलं. बाहेर लिफ्ट वाजली, जेवून परतलेल्यांचे आवाज जवळ येऊ लागले. किहून हलला नाही. ती डोळे मिटून होती, आणि तिलाही कसलीच घाई नव्हती.