कलम एकोणतीस समजलेली माणसं

‘आपण कशाला होकार देत आहोत, हे मानवजातीला इतिहासात प्रथमच कळू लागले आहे,’ असं जाणतेपणा कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटलं होतं. प्रस्तावना कोणी वाचली नव्हती.

कायदा साधा होता. बँकेच्या, ॲपच्या, नोकरीच्या अटींखाली नुसतं ‘मान्य’ दाबून आता भागत नव्हतं. अटी समजल्याचं सिद्ध करावं लागे. त्यासाठी समजमापक नावाची पट्टी कपाळाला लावायची. ती मेंदूतल्या लहरी आणि डोळ्यांची हालचाल टिपून शंभरपैकी गुण देई. साठच्या वर गेला तो जाणता नागरिक, बाकीचे अजाण. अजाण माणसाचं मतदान, बँक, कामाचं लॉगिन सगळं बंद होई आणि त्याच्या वतीने ‘मान्य’ म्हणायला घरातलाच कोणी जाणता ‘समजपालक’ म्हणून नेमला जाई.

शर्वाणी केळुसकर शुक्रवारी अजाण झाली.

नाशिकच्या ज्या कंपनीने समजमापक बनवला, तिथेच ती सॉफ्टवेअर लिहायची. सगळ्या जाणत्या नागरिकांना लागू असलेल्या अटींचं दरवर्षीचं नूतनीकरण होतं. एरवी इतरांसारखंच भराभर बोट फिरवून ती मोकळी होत असे. यंदा ताप होता, पडून पडून कंटाळा आला होता, म्हणून तिने अटी वाचल्या. गुण मिळाले नऊ.

समजपालक म्हणून नवऱ्याची, निरंजनची नेमणूक झाली. निरंजनने आजवर औषधाच्या पाकिटावरचा मजकूरही वाचलेला नव्हता. त्याला सत्त्याण्णव होते.

“तू काही टेन्शन घेऊ नकोस,” तो म्हणाला. “तुझं सगळं मान्य करून टाकलं मी.”

“सगळं म्हणजे काय?”

“आलं होतं आठ-दहा काहीतरी. एकात किडनीबिडनी होतं बहुतेक.”

शर्वाणी तापातच उठली आणि पाहुण्यांचा पास काढून आपल्याच ऑफिसात शिरली. समजमापकामागचं विज्ञान डॉ. इंद्रजित फणसे यांचं. ते केबिनमध्ये चहा घेत होते.

“सर, मापकात बिघाड आहे.”

“अजाण माणसाला तसं वाटतं. माहितीपत्रकात आहे ते.”

“वाचलंय मी माहितीपत्रक.”

“बाई गं,” फणसे कळवळून म्हणाले. “तेही वाचलंत?” मग त्यांनी पडद्यावर तिचा आलेख काढला. “हे बघा. समजलं की मेंदू शांत राहतो, नाही समजलं की खवळतो. तुमचा कलम एकोणतीसपाशी खवळलाय.”

“खवळणारच. कलम एकोणतीसमध्ये लिहिलंय, ‘इथे मजकूर टाकणे’. पुढची पानं कोरी आहेत!”

फणशांनी चष्मा पुसला. “अकरा कोटी लोकांना ते समजलंय.”

शर्वाणीला आता मापकाच्या शिकवणीचाच संशय येऊ लागला. “शांत मेंदू म्हणजे समजलेला मेंदू, हे यंत्राला शिकवलं कोणी?”

“रीतसर नमुने घेतले ना. आपल्याच इमारतीतल्या चारशे इंजिनिअरांना पट्ट्या लावल्या, अटी दाखवल्या आणि विचारलं, समजलं का? सगळे हो म्हणाले.”

“सर, इंजिनिअर अटी वाचतात?”

फणशांना नमुने घेतल्याचा दिवस आठवला. त्या दिवशी कॅन्टीनला फुकट मिसळ होती. चारशे मेंदू मिसळीकडे लागलेले असताना चारशे बोटं पडद्यावरून सरकली होती, आणि त्या अवस्थेला समज म्हणतात हे यंत्र प्रामाणिकपणे शिकलं होतं. तेव्हापासून जो वाचेल, अडखळेल, दचकेल तो अजाण ठरत होता.

“मग दुरुस्त करा.”

“करू की. उद्या अकरा कोटी अजाण होतील. त्यांच्या समजपालक तुम्ही एकट्या होणार का?”

“आणि ती कोरी पानं? सगळ्यांची मान्यता आहे त्यांच्यावर. उद्या कोणी काहीही लिहील तिथे.”

“काहीही कसं लिहितील? नियमानुसारच लिहितील.”

“कोण?”

“ते ठरायचंय.”

“सर, ती पानं चुकून राहिलीत की मुद्दाम ठेवलीत?”

“असं विचारता म्हणून नऊ मिळतात,” फणसे म्हणाले. मग उठून त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. “फेरपरीक्षा द्या. वाचायचं नाही. घरी जेवायला काय करायचं, एवढाच विचार करायचा.”

शर्वाणीने पट्टी हातात घेतली. न वाचता ‘मान्य’ म्हणायचं, नाहीतर निरंजनला न वाचता म्हणू द्यायचं. किडनी आठवली तशी तिने पट्टी कपाळाला लावली. कलम एकोणतीस आलं तेव्हा तिने डोळे वर न उचलता भेंडी चिरायला घेतली, मनातल्या मनात, बारीक, एकेक. पडदा हिरवा झाला. ‘अभिनंदन. आपणांस सर्व समजले आहे.’ गुण चौऱ्याण्णव.

सोमवारी ती कामावर रुजू झाली. कलम एकोणतीसचा मजकूर लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं.