स्नेहरोधक

सेरेस या बटुग्रहावरच्या रुग्णालयात डॉ. इरावती दाभाडेनं मेंदूचा आलेख पडद्यावर घेतला आणि सहकाऱ्याला जवळ बोलावलं.

"अन्सार, हे बघ. आपल्या माणसासाठी जीव तुटतो तो इथं. परक्याची कणव येते तीही इथंच. वेगळी जागा नाहीच."

डॉ. अन्सार बागवाननं मान हलवली. "म्हणजे आपला स्नेहरोधक दोन्ही बंद करतो."

"वीस वर्षं करतोय."

सेरेसच्या वसाहतींचं रक्षण अभयव्रती संघाचे व्रती करत. दरवर्षी ते सगळ्यांत चपळ मेंदूची चार वर्षांची मुलं घरांतून निवडून नेत. रुग्णालयात मुलाच्या कवटीखाली तांदळाच्या दाण्याएवढा रोधक बसवला जाई. मग आई, भाऊ, मित्र, कुणाचीच ओढ उरत नसे. रक्षकाला आपलं असं कुणी नसावं, तरच तो सगळ्यांना सारखं लेखेल, असं संघाचं तत्त्व होतं. इरावतीलाही ते एकेकाळी पटलं होतं. इतकं, की पहिल्या तुकडीत तिनं स्वतःचा मुलगा दिला. रोधक तिनंच बसवला.

यंदा उत्तर घुमटातल्या बर्फ खणणाऱ्यांनी मुलं द्यायला नकार दिला आणि न्यायला आलेल्या दोन व्रतींना कोंडून ठेवलं. संघाच्या परिषदेनं हुकूम काढला: बहात्तर तासांची मुदत द्या, मग घुमटाचा हवापुरवठा तोडा. त्यासाठी नेमलेल्या तुकडीचा प्रमुख होता कौस्तुभ. इरावतीचा मुलगा.

"तो आज तपासणीला येतोय," ती म्हणाली. "मी त्याचा रोधक बंद करणार आहे. एकदा माणसासारखं वाटू लागलं की त्याच्यानं ते होणार नाही."

"त्याला विचारलंस?"

"चार वर्षांचा होता तेव्हा तरी कुठं विचारलं होतं?"

अन्सार म्हणाला, "इरा, माया काही त्या दाण्यात साठवलेली नाही. ती सहवासातून येते. तू अडसर काढशील. पण ती कुणाकडे धावेल, ते तुझ्या हातात नाही."

तिनं कौस्तुभची नोंद पडद्यावर उघडली.

कौस्तुभ वेळेवर आला आणि खुर्चीत ताठ बसला. संघाच्या नियमाप्रमाणे ती त्याला अहोजाहो करी.

"उत्तर घुमटात माणसं किती आहेत?" तिनं विचारलं.

"अकराशे चाळीस. मुदतीत बाहेर आली तर एकही मरणार नाही. वाटाघाटी चालू आहेत."

"आणि नाही आली तर? तुम्हाला काही वाटणार नाही?"

"वाटायला हवं का, डॉक्टर?"

तिनं संकेत पाठवला. पडद्यावरचा रोधकाचा ठिपका विझला.

"डोकं जरा जड झालंय," कौस्तुभ उठताना म्हणाला.

"होईल बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्सारनं तिला नियंत्रण कक्षाकडे धावत नेलं. मुदत संपायला अजून एकतीस तास होते. दारातच व्रतींची गर्दी होती. आत जमिनीवर कौस्तुभ बसला होता आणि त्याच्या मांडीवर समीहन नावाच्या व्रतीचं डोकं होतं. कोंडलेल्या दोघांपैकी हा एक. काल पळून जाताना झटापट झाली आणि तो उंचावरून पडून मेला.

घुमटातल्या लोकांनी तासापूर्वी स्वतःहून त्याचा देह आणून दिला होता. दुसऱ्यालाही सोडलं होतं. त्यांचा निरोप अजून पडद्यावर होता: 'आमच्या हातून चूक झाली. आम्ही मुलांना घेऊन बाहेर येत आहोत.'

त्याखाली दाबमापकाचा आकडा होता. शून्य.

"प्रमुखांनी नुसता पुरवठा तोडला नाही," सुटून आलेला व्रती कौस्तुभकडे बघत पुटपुटला. "घुमटाच्या बाहेरच्या झडपाच उघडल्या. सगळी हवा आकाशात गेली. दोन मिनिटांत."

इरावती गर्दीतून आत घुसली. "कौस्तुभ, ते बाहेर येत होते!"

त्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा रडून सुजला होता. "हा माझ्या शेजारच्या पलंगावर झोपायचा. वीस वर्षं. माझ्या ताटातली भाजी उचलायचा. सगळं आठवत होतं मला, पण तो माझा कोण होता ते काल कळलं. आणि आज त्याला असा आणून टाकला."

"त्यात लहान मुलं होती रे."

"ती आमची कुणी नव्हती."

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "कौस्तुभ, मी तुझी आई आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "नोंदीत वाचलंय." आणि त्यानं समीहनच्या कपाळावरचे केस मागे सारले.

चौथ्या दिवशी परिषदेनं तिला बोलावलं. शिक्षेची तिला भीती नव्हती, उलट तीच हवी होती. पण परिषदेच्या प्रमुख वसुधारा बाईंनी तिला खुर्ची दिली.

"तुमचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं आमचं. इतकी वर्षं आम्ही व्रतींना नियमानं बांधत होतो. नियम मुदत मोजत बसतो, माया मोजत नाही. दक्षिण घुमटातल्या लोकांनी तर काल न मागता मुलं आणून दिली. सगळ्यांचे रोधक बंद करा. आणि पुढच्या वर्षीपासून मुलं चार वर्षांची होईपर्यंत थांबायचं नाही. जन्मल्याबरोबर आणायची. मग त्यांना आमच्याशिवाय कुणीच आपलं नसेल."

"मी हे करणार नाही."

"नका करू. यंत्र दुसरं कुणीही चालवू शकेल. कौस्तुभनं मात्र तुम्हीच करावं असं सुचवलंय."

ती रुग्णालयात परतली. व्हरांड्यात साठ-सत्तर व्रती रांगेत उभे होते. पुढच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून कौस्तुभ त्यांना काहीतरी सांगत होता. तिला पाहताच तो पुढे आला.

"डॉक्टर, आधी यांचं करा. यांना अजून कळतच नाही आपण एकमेकांचे कोण आहोत." आणि तो हसला, तोंडभर, अगदी चार वर्षांचा असताना हसायचा तसा. वीस वर्षांत तिनं ते हसू पाहिलं नव्हतं.

अन्सारनं तिचा दंड धरला. "इरा, चल इथून."

तिनं हात सोडवून घेतला, पहिल्या व्रतीला खुर्चीत बसायला सांगितलं आणि यंत्र सुरू केलं.