येतो म्हणाला

उद्या पहाटे रानात निघताय ना? मग टॉर्च विझवा आणि ऐका. नम्रता, हसायचं ते आत्ताच हसून घे.

माझ्या ओळखीतला दिग्विजय. खराडीत नोकरी. गेल्या वर्षी धाकट्या भावाला, योगेशला घेऊन माझ्याकडे दोर मागायला आला. म्हटलं, "परत आणा बरं. माझी शिडी अजून शेजाऱ्यांकडे मुक्कामाला आहे."

"काका, दोरापेक्षा आमचा जीव स्वस्त का?" योगेशनं विचारलं.

"दोर नवा आहे," मी म्हटलं.

कोयनेच्या पाठीमागचं रान ते. भर दुपारी झाडांखाली संध्याकाळ. आषाढ अमावास्या, म्हणजे तुमची गटारी. पुणं बाटल्या उघडत होतं, तेव्हा हे दोघे कडा उतरायला उभे.

दोर बांधायच्या आधीच योगेशचा पाय सरकला. खाली नुसतं धुकं. फोनला रेंज नाही. दिग्विजयनं दोर खाली सोडला आणि हाका मारत बसला. अंधार पडला, घसा बसला. खालून काही नाही.

मग रात्री दहाच्या सुमारास... अगदी स्वच्छ आवाज.

"दादा, येतो रे!"

"ये! ये लवकर!"

त्यानं दोर घट्ट धरला. पाऊस. काळोख. दोर हलेना. पुन्हा हाक दिली...

उत्तर नाही.

तरी धरून बसला. येतो म्हणालाय ना.

उजाडल्यावर गावकऱ्यांनी योगेशला वर आणलं. अंगभर रानातल्या जळवा. डॉक्टर म्हणाले, पडला तेव्हाच संपला होता. दिवस असतानाच.

त्यांची आई वेणूबाई वाघोलीला. मी समोरच बसलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटचं काय बोलला रे?"

"येतो म्हणाला."

"अरे... घरातून निघताना आपण काय म्हणतो?"

दिग्विजयनं तोंडावर हात घेतला.

"आणि तू? तू काय म्हणालास?"

"...ये म्हणालो."

वेणूबाई उठल्या. दाराला आतून कडी घातली.

कडीनं काय होतंय?

या एप्रिलातली गोष्ट. खराडीत अकराव्या मजल्यावर दिग्विजय एकटाच राहतो. बाहेर चाळीस डिग्री, सोसायटी टँकरवर. सकाळीच त्याचा फोन. "काका, या." एवढंच.

गेलो.

पलंगावर त्याच्या शेजारच्या रिकाम्या उशीवर जळू होती. जिवंत. रक्त पिऊन टम्म फुगलेली.

दिग्विजयचं अंग मी नखशिखांत तपासलं.

चावल्याची खूण... कुठंच नव्हती.